सिग्नल हळूहळू लाल होत नाही: वेब ॲनिमेशनच्या एका विद्यार्थी-प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

## पार्श्वभूमी

मध्य मुंबईतल्या एका महाविद्यालयात माध्यम विभागाच्या दुसऱ्या वर्षाला वेब ॲनिमेशन आणि इंटरॲक्टिव्ह मीडियाची तोंडओळख करून देणारा एका सत्राचा विषय आहे. जूनमध्ये सुरू होतो, दिवाळीच्या आधी प्रकल्प जमा करायचा असतो. विषय शिकवणाऱ्या मॅडम माझ्या सहकारी. प्रकल्पांच्या आढाव्याला दुसरा माणूस लागतो, तो मी. इथे लिहिलेलं काही माझ्या डोळ्यांदेखत घडलं, काही मुलांच्या वह्यांतून आणि नंतरच्या गप्पांतून कळलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नावांऐवजी स्टेशनं वापरतो. आमच्या स्टाफरूममध्ये तसंही ‘तो डोंबिवलीचा’, ‘ती वसईची’ असंच चालतं.

गट तिघांचा. डोंबिवलीच्या मुलाला थोडं कोडिंग येत होतं, म्हणजे बारावीला आयटी होतं तेवढं. वसईच्या मुलीचा हात चित्रात उत्तम. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षा शाळेतच चांगल्या श्रेणीत झालेल्या. परळची मुलगी लिहिणारी, आणि ‘हे कशासाठी?’ असं विचारायला तिला संकोच वाटत नसे. तिघांत मिळून लॅपटॉप एक. तोही डोंबिवलीच्या मुलाच्या ताईचा, ती कामावरून घरी आली की मिळणारा. उरलेलं काम लॅबमध्ये नाहीतर फोनवर. लॅब दुपारी बंद होते, कारण संध्याकाळी तीच खोली दुसऱ्या अभ्यासक्रमाला लागते.

एकेकाळी वेबवरचं बहुतेक ॲनिमेशन ॲडोबीच्या फ्लॅशमध्ये व्हायचं. लॅबच्या कपाटात त्याच्या ॲक्शनस्क्रिप्ट या भाषेची जाडजूड पुस्तकं अजून आहेत. जुन्या मुलांचे प्रकल्पही एका डिस्कवर आहेत, पण त्या फ्लॅशच्या फायली आता ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेयरचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणंच बंद केलं. रफल नावाच्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे फ्लॅश प्लेयरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, काही फायली जिवंत होतात, काही अर्धवट. मॅडम पहिल्या तासाला हे मुद्दाम दाखवतात. या गटावर त्याचा परिणाम जरा जास्तच झाला. ‘आपण शिकतोय ते पाच वर्षांनी चालेल का?’ हा प्रश्न त्यांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून बसला आणि पुढच्या एका निर्णयात तो आडवाही आला.

## विषय कसा ठरला

पहिली कल्पना गेमची होती. फलाटावरून सुटणारी लोकल, धावत जाऊन दांडा पकडायचा, चुकलं तर पुन्हा. मॅडमनी ती ऐकता ऐकताच बाजूला ठेवली. चालती गाडी पकडणं ही गंमत म्हणून दाखवायची गोष्ट नाही हे एक कारण. दुसरं असं की गेम म्हटला की स्कोअर, पातळ्या, आवाज, हरण्याजिंकण्याचे नियम हे सगळं आलं. नवशिक्यांचं निम्मं सत्र त्यातच जातं आणि हालचाल शिकायची राहून जाते.

मग जुलैत एके दिवशी गाड्या अडकल्या. डोंबिवलीचा मुलगा कुर्ला-सायनच्या मधे डब्यात उभा राहिला, वसईची घराबाहेरच पडली नाही. दुसऱ्या दिवशी त्यावर रडगाणी चालू असताना परळची म्हणाली, ‘पाणी तर रुळाच्या जेमतेम वर होतं म्हणतोस. गाडी काही बुडत नव्हती. मग थांबली का?’

वर्गात कुणालाच नीट सांगता येईना. ‘मोटरमध्ये पाणी जातं’ असं दोघातिघांनी ठोकून दिलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ही गोष्ट प्रत्येकाने घरात ऐकलेली, प्रत्येकाच्या आईवडिलांकडे त्या रात्रीचा आपापला किस्सा. पण पाणी आणि थांबलेली गाडी यांच्या मधे नेमकं काय घडतं हा भाग सगळ्यांनी गृहीत धरलेला. विषय तिथेच ठरला: पावसात लोकल का थांबते, हे अडकलेल्या प्रवाशाला त्याच्या फोनवर, बोटाने करून पाहता यावं.

‘अडकलेला प्रवासी’ हे शब्द परळच्या मुलीने प्रस्तावात सहज लिहिले होते. त्याचा अर्थ काय होतो याकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. अडकलेला प्रवासी म्हणजे एका हातात फोन, दुसऱ्या हातात कडी, नेटवर्क जेमतेम, बॅटरी उतरलेली.

## अडचण

पहिल्या आढाव्याला गटाने लॅबच्या संगणकावर जे दाखवलं ते दिसायला झकास होतं. ॲडोबी ॲनिमेटमध्ये केलेलं. हा फ्लॅशच्याच अवजाराचा आजचा अवतार, तीच टाइमलाइन, फक्त बाहेर पडतं ते एचटीएमएल फाइव्हच्या कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझर स्वतः रंगवतो त्या चौकटीत. काळं आभाळ, वसईच्या मुलीने एकेक फ्रेम काढलेला पाऊस, मधेच वीज कडाडून पडदा पांढरा, शीर्षक एकेक अक्षर टाइप झाल्यासारखं उमटणारं. पाणी वर चढतं, सिग्नल हिरव्याचा हळूहळू लाल होतो, गाडी थांबते. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी फाइल सर्व्हरवर चढवायला सांगितली आणि तिघांना आपापल्या फोनवर उघडायला लावली. तिथे पंचाईत झाली. वसईच्या मुलीच्या फोनवर पाऊस धक्के खात पडू लागला आणि मिनिटभरात फोन तापला. डोंबिवलीच्या मुलाचा फोन नवा, १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा पडदा नव्याने रंगवणारा. गाडी पुढे नेण्याचा कोडचा तुकडा त्याने स्वतः लिहिला होता, आणि त्या फोनवर गाडी दुप्पट वेगाने आली. परळच्या मुलीच्या फोनवर शीर्षक उमटताना ‘पाणी’मधला काना आणि वेलांटी स्वतंत्रपणे, ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकून, एकामागून एक येत होत्या.

तिन्ही तांत्रिक अडचणी आणि तिन्ही सुटण्यासारख्या. पण मॅडमचा प्रश्न वेगळाच होता: ‘पाणी चढलं, सिग्नल लाल झाला. या दोन्हींच्या मधे काय झालं ते कुठे दिसलं?’

ते कुठेच नव्हतं, कारण मुलांनाच ते माहीत नव्हतं. इतका पाऊस काढला होता की मधली जागा रिकामी आहे हे लक्षातच आलं नाही. माझ्या मते या प्रकरणातली खरी अडचण हीच. फोनवरचे धक्के त्यामानाने किरकोळ.

## कोणते पर्याय समोर होते

आढाव्यानंतर तिघं कॅन्टीनमध्ये बसली आणि वहीत चार रस्ते लिहिले. वही मी नंतर पाहिली.

सर्वांत सोपा म्हणजे ॲनिमेटमध्येच राहून पाऊस विरळ करायचा, चित्रं लहान करायची. काम वाया जाणार नव्हतं. पण कॅनव्हासवर प्रत्येक फ्रेमला अख्खं चित्र नव्याने रंगवलं जातं, आणि स्वस्त फोनवर तेच जड जातं. शिवाय सॉफ्टवेअर फक्त लॅबमध्ये, म्हणजे दुपारनंतर आणि गणपतीच्या सुट्टीत काम ठप्प.

दुसरा, सरळ व्हिडिओ करून टाकायचा. कुठल्याही फोनवर चालतो. पण मग बोटाने करून पाहण्याचं काय? प्रवासी नुसता प्रेक्षक राहिला असता आणि विषयाच्या नावातला अर्धा भाग गळला असता. डोंबिवलीचा मुलगा या बाजूने होता, कारण त्याला वेळेची भीती होती. ती भीती अनाठायी नव्हती.

तिसरा रस्ता एखाद्या लायब्ररीचा, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडचा. जीसॅप आणि पी-फाइव्ह या दोन्हींची वर्गात ओळख झाली होती. जीसॅपमध्ये टाइमलाइन नेटकी जुळते, हालचालींचा क्रम लावायला त्यासारखं दुसरं सोपं साधन नाही. इथे फ्लॅशची ती डिस्क आडवी आली. ‘उद्या हेही बंद पडलं तर?’ माझ्या मते ही तुलना चुकीची होती. फ्लॅश चालायला ब्राउझरमध्ये वेगळा प्लगइन लागायचा; जावास्क्रिप्टची लायब्ररी ही शेवटी आपल्या पानासोबत ठेवलेली एक फाइल, ती कुणी बाहेरून बंद करू शकत नाही. पण गटाने तो रस्ता भीतीपोटी सोडला, आणि कुणी त्यांना अडवलं नाही.

चौथा: चित्र एसव्हीजीमध्ये, हालचाल सीएसएसमध्ये, आणि मधे अगदी थोडी जावास्क्रिप्ट. ही तिन्ही ब्राउझरचीच भाषा, साध्या नोटपॅडमध्येही लिहिता येते, फोनवरच्या एडिटरमध्येही. तोटा एवढाच की केलेलं जवळजवळ सगळं टाकून द्यावं लागणार.

त्यांनी चौथा निवडला. लॅपटॉप नसणं हे या निवडीचं सर्वांत मोठं कारण होतं, तत्त्व वगैरे नंतर चिकटवलेलं. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

टाकून देण्याचा भार मात्र तिघांवर सारखा नव्हता. वसईच्या मुलीने पावसाच्या फ्रेम जाता-येता गाडीत बसून काढल्या होत्या. तिचं काम जाणार, डोंबिवलीच्या मुलाचं काम वाढणार. ती काही बोलली नाही, पण पुढच्या दोन भेटींना आली नाही. परळच्या मुलीला हे उशिरा कळलं.

## पुढे काय केलं

### काकांची भेट

डोंबिवलीच्या मुलाच्या इमारतीत रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. तिघंही रविवारी त्यांच्याकडे गेली. वसईची मुलगीही आली, मेगाब्लॉकमुळे तासभर उशिरा.

काकांनी मोटरची गोष्ट मोडीत काढली नाही. डब्याखाली मोटर असतात, पाणी फार चढलं तर त्यांनाही धोका असतो, गाडी रूळ बदलते त्या सांध्यावर जे यंत्र जमिनीलगत बसवलेलं असतं तेही पाण्यात जातं, आणि पाण्याखाली रूळ दिसत नाही म्हणून गाडी जपून हाकावी लागते. ‘पण त्याच्या आधी सिग्नल जातो,’ ते म्हणाले, आणि पाठकोऱ्या कागदावर दोन रेघा ओढल्या.

त्या दोन रेघा म्हणजे दोन रूळ. एका टोकाला अगदी कमी दाबाची वीज सोडलेली, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेवर उचलला जाणारा खटका. वीज एका रुळातून जाऊन दुसऱ्यातून परत येते तोवर रिले उचललेला राहतो, आणि याचा अर्थ रुळांचा तेवढा पट्टा मोकळा. गाडी पट्ट्यात शिरली की चाकं आणि त्यांना जोडणारा आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, वीज मधूनच परत फिरते, रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो, मागचा सिग्नल लाल. या व्यवस्थेला ट्रॅक सर्किट म्हणतात. आता खडीत चिखल भरला, दोन्ही रुळांच्या मधे घाण पाणी साचलं, की तीच वीज पाण्यातून गळते. रिलेला पुरेशी मिळत नाही, तो पडतो. व्यवस्थेला वाटतं, पट्ट्यात गाडी उभी आहे. पट्टा रिकामा असतो, तरी सिग्नल लाल.

परळच्या मुलीने विचारलं, ‘म्हणजे बिघाड झाला की लालच होतो?’ काका म्हणाले, ‘तसंच बनवलंय. बिघडलं तर गाडी थांबली पाहिजे, सुटता कामा नये.’

जाता जाता त्यांनी मजकुरातली एक चूकही काढली. मुलांनी जुन्या पुस्तकातून ‘वरच्या तारेत १,५०० व्होल्ट डीसी’ असं उतरवलं होतं. मुंबईची उपनगरी सेवा टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसीवर गेली. हार्बर मार्गाचं काम सर्वांत शेवटी, २०१६ मध्ये झालं.

### हालचालींची यादी

काकांकडून आल्यावर मॅडमनी एक साधं काम दिलं. पानावर जे जे हलतं त्याची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा, हे हललं नाही तर प्रवाशाला काय कळणार नाही.

यादी लांबलचक झाली आणि समोरचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा राहिला. पाऊस: काही नाही. ढग: काही नाही. वीज: काही नाही, उलट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा पडदा लखलखला तर अपस्माराच्या रुग्णांना झटका येऊ शकतो, वेबच्या सुलभतेच्या नियमांत ती मर्यादा स्पष्ट घातलेली आहे. रकाना भरला तो चारच गोष्टींसमोर: पाणी, रुळातून फिरणारी वीज, रिले आणि सिग्नल.

परळची म्हणते की तिला हा विषय कळला तो या दिवशी. मला वाटतं, कळायला सुरुवात झाली. खरं कळणं पुढच्या आठवड्यात झालं.

### एक सेकंदाची चूक

नवं पान उभं राहिलं. पाणी चढतं, वीज गळते, रिले पडतो, सिग्नल बदलतो. डोंबिवलीच्या मुलाने सीएसएसमध्ये सगळ्यांना एकच ओळ लावली होती: काहीही बदललं तरी एका सेकंदात, ब्राउझरच्या ठरीव लयीत. नवशिके हटकून असंच करतात, कारण त्या एका ओळीत सगळं पान गुळगुळीत दिसू लागतं. पाणी एका सेकंदात चढलं, रिलेचा दांडा एका सेकंदात अलगद खाली टेकला, सिग्नल एका सेकंदात हिरव्यातून तपकिरी होत होत लाल झाला.

त्याने काकांना फोनवर दाखवलं. काका हसले. ‘सिग्नल असा विरघळतो का कधी? रिले पडतो तेव्हा टक वाजतं. मधलं काही नसतं.’

दुसऱ्या आढाव्यात या एका वाक्यावर बराच वेळ गेला, आणि तो गेला हे बरं झालं. ॲनिमेशन शिकवताना आपण सांगतो की हालचाल सुरुवातीला हळू, मग वेगात, शेवटी पुन्हा हळू ठेवा, म्हणजे ती नैसर्गिक वाटते. चेंडूला, हाताला, झुलत्या फांदीला ते खरं आहे, कारण त्यांना वजन असतं. सिग्नलच्या दिव्याला ते लागू नाही. त्याला अलगद लाल केलं की पान एक खोटं विधान करतं: मोकळा आणि बंद यांच्या मधे तिसरी एक अवस्था आहे. अख्खी सिग्नल व्यवस्था अशी तिसरी अवस्था नसावी यासाठीच तर उभी केलेली आहे.

मग प्रत्येक हालचालीला तिचा स्वतःचा वेळ मिळाला. पाणी बोटाबरोबर, बोट जितकं सरकेल तितकं. वीज रुळातून फिरते आहे हे दाखवायला तुटक रेषेचे ठिपके एकसारख्या वेगाने, कुठेही न रेंगाळता. एसव्हीजीत रेषेचे तुकडे करून त्यांची सुरुवात सरकवत नेली की हे अगदी थोड्या कोडमध्ये होतं. गळती वाढली की ठिपके विरळ. रिले आणि सिग्नल क्षणात, संक्रमणाचा वेळ शून्य.

काकांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट इथे उपयोगी पडली. रिले धरून ठेवायला जेवढी वीज पुरते तेवढ्यात तो पडलेला असताना पुन्हा उचलला जात नाही, उचलायला जास्त लागते. म्हणून पाणी ज्या पातळीला असताना सिग्नल लाल झाला, त्याच पातळीला परत आणलं की तो हिरवा होत नाही. आणखी खाली न्यावं लागतं. कोडमध्ये त्या दोन वेगळ्या मर्यादा झाल्या. पाणी ओसरलं तरी गाड्या लगेच का सुटत नाहीत, याचं निदान एक कारण प्रवाशाच्या बोटाला कळू लागलं. संपूर्ण प्रकल्पातलं हे मला सर्वांत आवडलेलं काम, आणि पानावर त्यासाठी एकही शब्द लिहावा लागला नाही.

### तीन जुन्या अडचणी

त्या थोडक्यात. वेग दुप्पट होण्याचं कारण असं की कोड प्रत्येक फ्रेमला गाडी ठरावीक पिक्सेल पुढे ढकलत होता. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर त्याच्या निम्मे; म्हणजे तेवढ्याच वेळात ढकलणं दुप्पट. किती वेळ गेला ते मोजून त्यावरून जागा काढली की प्रश्न मिटला.

धक्क्यांचं मूळ पाऊस गेल्यावर बरंचसं गेलं. उरलेलं पाण्यात होतं. पाण्याची उंची बदलली की ब्राउझरला पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागते आणि पुन्हा रंगवावं लागतं. पाण्याचा थर पूर्ण उंचीचाच ठेवून सीएसएसच्या ट्रान्सफॉर्मने, म्हणजे मांडणीला हात न लावता, वर-खाली सरकवला, मग जुन्या फोनवरही तो अडखळेना.

काना-वेलांटीचं दुखणं मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी होतं. जावास्क्रिप्टमध्ये शब्दाचे साधे तुकडे केले की ‘पाणी’ची चार चिन्हं होतात, दोन अक्षरं नव्हे. अक्षरं नीट ओळखणारी सोय भाषेत आहे, तिचं नाव सेगमेंटर. पण जोडाक्षरांच्या बाबतीत जुन्या ब्राउझरांवर ती पूर्ण भरवशाची नाही. गटाने अक्षरं उमटवण्याचा नादच सोडला. शीर्षक पहिल्यापासून स्थिर दिसतं. यादीत त्याच्यासमोरचाही रकाना रिकामाच होता.

### मावशीची परीक्षा

परळच्या मुलीने पान मावशीच्या हातात दिलं, काही न सांगता. पाणी वर-खाली करायला तेव्हा उभी पट्टी होती. मावशीने ती ओढली तर अख्खं पानच वर सरकलं, कारण फोनवर उभं ओढणं म्हणजे पान पुढे नेणं. दुसऱ्यांदा तिने पट्टी ओढलीच नाही, पाण्यावर बोट टेकवून पाहिलं. काहीच झालं नाही. ‘बंद पडलं गं तुझं,’ म्हणून तिने फोन परत दिला.

गटात यावरून वाद झाला. उभ्या पट्टीवर बोट असताना पान हलू नये असं सीएसएसमध्ये सांगता येतं, आणि डोंबिवलीच्या मुलाचं म्हणणं होतं की तेवढं केलं की काम झालं. परळची म्हणाली, मावशीला ती ओढायची वस्तू आहे हेच कळलं नव्हतं, त्याचं काय? शेवटी पट्टी आडवी झाली, फलाटाच्या कडेसारखी पडद्याच्या तळाशी, अंगठ्याच्या टप्प्यात. आणि तिच्या दोन टोकांना ‘पाणी वाढवा’, ‘पाणी कमी करा’ अशी दोन बटणं आली. ज्यांनी फोनवर ‘हालचाल कमी करा’ हा पर्याय निवडलेला असतो त्यांच्यासाठी विजेचे ठिपके स्थिर राहतात आणि त्यांच्या जागी बाण दिसतात.

वसईच्या मुलीचं काम इथे परत आलं. तिने पावसाऐवजी फलाटावर अडकलेली माणसं काढली, एकही न हलणारी: छत्री मिटून उभा असलेला कारकून, डबेवाला, शाळेचं दप्तर डोक्यावर धरलेली मुलगी. पाणी चढल्यावर फक्त त्यांच्या पायांखालचं प्रतिबिंब दिसतं. ती चित्रं अप्रतिम आहेत, पण ती निघाली ती तिने स्वतःहून वाट काढली म्हणून. गटाने तिच्यासाठी जागा राखली होती असं म्हणता येणार नाही.

## निकाल

पान वेळेत जमा झालं. विभागाच्या प्रदर्शनात क्यूआर कोड लावून ठेवलं होतं, आणि लोक आपापल्या फोनवर ते उघडून पट्टी पुढे-मागे करत उभे राहत होते. सिग्नल लाल झाल्यावर बहुतेक जण पाणी लगेच थोडं खाली आणून बघत, तो हिरवा होत नाही म्हटल्यावर आणखी खाली नेत. त्यांना मधली गोष्ट कळते आहे हे तिथेच दिसत होतं.

गुण मात्र मध्यम पडले. बाहेरून आलेल्या परीक्षकांचा शेरा होता, ‘ॲनिमेशनचं प्रमाण कमी.’ ज्या गटाच्या पानावर कणांचा वर्षाव होत होता आणि माऊसमागे रंगाच्या शेपट्या फिरत होत्या, त्यांना जास्त मिळाले. तोंडी परीक्षेत परळच्या मुलीने हालचालींची यादी दाखवून सगळं सांगायचा प्रयत्न केला. परीक्षकांनी ऐकून घेतलं, गुणपत्रिकेतल्या रकान्याचं नाव ‘दृश्य परिणाम’ होतं, त्याखाली जे बसलं ते बसलं. मी परीक्षकांना दोष देणार नाही. रकाना त्यांनी छापलेला नव्हता.

## वेगळं काय करता आलं असतं

फोन पहिल्या आढाव्यापर्यंत थांबायला नको होता. प्रस्तावात ‘अडकलेला प्रवासी’ लिहिलेलं होतं, म्हणजे उपकरण ठरलेलंच होतं. पहिल्याच आठवड्यात, पाण्याचा नुसता निळा चौकोन असताना तो वर्गातल्या सर्वांत जुन्या फोनवर चालवून पाहिला असता तर पावसाच्या फ्रेम निघाल्याच नसत्या, आणि वसईच्या मुलीची मेहनत वाया गेली नसती. पुढच्या तुकडीपासून मॅडम हे करायला लावतात.

काकांकडे आधी जायला हवं होतं का? इथे माझं आणि मॅडमचं एकमत नाही. त्या म्हणतात, आधी कळलं असतं तर पहिला मसुदा थेट योग्य झाला असता. मला वाटतं, चुकीचं ॲनिमेशन हातात नसतं तर काकांचं ‘टक’ मुलांच्या कानावरून गेलं असतं. चित्र चूक आहे हे दाखवायला चित्र लागतं. फार तर ती भेट दोन आठवडे अलीकडे आणावी.

लायब्ररीचा पर्याय भीतीपोटी गेला तो तपासायला हवा होता. या प्रकल्पाला चार हालचाली होत्या, लायब्ररीवाचून भागलं. वीसेक हालचाली असत्या आणि त्या एकमेकींवर अवलंबून असत्या तर नुसत्या सीएसएसमध्ये गुंता झाला असता. फ्लॅश का गेला, हे सांगताना प्लगइन आणि पानासोबतची फाइल यातला फरक त्याच तासाला सांगितला जायला हवा.

गुणांच्या रकान्याचं नाव बदलण्याचा प्रस्ताव विभागाकडे गेला आहे. ‘दृश्य परिणाम’ऐवजी हालचालींची यादी मागावी आणि तिच्यावर प्रश्न विचारून गुण द्यावेत, असा. त्याला हरकत अशी आली की मग चांगलं चित्र काढणाऱ्यांना गुण कुठे मिळणार. हरकत रास्त आहे. फलाटावरची ती न हलणारी माणसं कुठल्या रकान्यात बसवायची हे माझ्याही प्रस्तावात नाही.

आणि भरतीचा भाग राहिला तो राहिलाच. मुंबईत पाणी साचण्यात पावसाइतकाच समुद्राचा हात असतो. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी नाल्यांच्या बऱ्याच मुखांच्या वर जाते, पाणी आपसूक वाहून जाऊ शकत नाही, पंपांनी उपसावं लागतं. म्हणून तर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी उदंचन केंद्रं उभी केली आहेत. मूळ आराखड्यात पावसाची एक पट्टी आणि भरतीची एक पट्टी होती. वेळ संपत आल्यावर गटाने भरती काढून टाकली, आणि तो निर्णय मला अजून अर्धाच पटतो. पाऊस तासाभरात बदलतो, भरती सहा-सहा तासांच्या चढउताराने. दोन्ही एकाच पट्टीवर बसवल्या तर कुठल्यातरी एकीचा वेग खोटा होतो. दोन पट्ट्या दिल्या तर मावशी पहिलीलाच अडखळली होती. डोंबिवलीचा मुलगा म्हणतो, भरती माणसाच्या हातात द्यायचीच कशाला, ती घड्याळासारखी आपली आपण चालू ठेवावी आणि प्रवाशाच्या बोटाकडे फक्त पाऊस ठेवावा. परळची म्हणते, मग पाणी का ओसरत नाही ते त्याला कळणार कसं. वसईच्या मुलीने त्यासाठी समुद्राची दोन चित्रं काढून ठेवली आहेत.